आश्विनाचा गोळा

आबा चहा अर्धा टाकून उठले. झालं एवढंच. कुणी भांडलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझे यजमान पितांबरराव, आरामखुर्चीत पाय पसरून नेहमीच्या सुरात म्हणाले, "मामा, तुम्हांला काय वाटतं, उघडेल का हो पाऊस कोजागरीपर्यंत?" आणि माझ्या वडिलांनी कप खाली ठेवला, धोतराचा सोगा सावरला आणि मागच्या अंगणात निघून गेले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे पाहिलं. कपावर साय धरायला लागली होती. आमच्या नंदुरबारच्या घरात असे किती कप रोज उष्टे राहतात, पण आबांनी अन्न टाकलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. "मी काही वावगं बोललो का?" हे म्हणाले. "नाही हो," मी म्हटलं, "तुम्ही कुठं वावगं बोलता? कोर्टात बोलत असाल तेवढंच." ते हसले. ह्या घरात येऊन आबांना पंधरवडा होत आला, आणि त्या पंधरवड्यात आम्ही सगळ्यांनी मिळून एक गोष्ट झाकून ठेवली होती. ह्यांनी चहा पितापिता तिच्यावरचं फडकं ओढलं.

ह्यांचाही काही दोष नाही. त्या दिवसांत आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. दसरा उलटला की मोटार घेऊन तोरणमाळला जायचं, पायथ्याशी राहुटी ठोकून राहायचं, वाट सुकली असेल तर मोटार वर न्यायची आणि नाही तर चालत वर जायचं, असा बेत ह्यांनी गणपतीतच केला होता. मोटार दिवाळीनंतर धुळ्याला ह्यांच्या मोठ्या भावाकडे जायची होती. ती एकदा गेली की परत येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. जाऊबाईंच्या हातात गेलेली वस्तू आजवर कधी परत आली आहे? तेव्हा जायचं तर आत्ताच. पण पाऊस! दसऱ्याला सोनं वाटायला गेलो तर भिजून आलो. दुसऱ्या दिवशी असं लख्ख ऊन की पापड घालावेत. तिसऱ्या दिवशी पुन्हा दुपारी काळोख. ह्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रातला हवामानाचा रकाना वाचायचा, तो शिळा. स्टेशनमास्तरला विचारायचं, तो सुरतेकडचं सांगायचा. मामलेदारकचेरीत एक जण गुडघा दुखतो का पाहून सांगायचा. शेवटी सगळं ऐकून घेऊन हे म्हणाले, "मामा हो म्हणाले तर निघू. नाही तर राहू दे." बघा! लग्नाच्या वेळी आबांच्या पाऊस सांगायच्या मातीच्या गोळ्यांना हसलेला माणूस. वकिलीची परीक्षा पास झालेला. पण आबांच्या शब्दाखेरीज उंबऱ्याबाहेर मोटार काढायला तयार नाही.

राहुटी गच्चीवर वाळत घातली होती. ह्यांच्या एका जंगल ठेकेदार पक्षकाराने दिलेली. दुपारी भांडी आवरून मी वर गेले, ती उलटी करायला, आणि उलटी करायच्या ऐवजी कपडे वाळत घालायच्या दोरीवर तिचं एक टोक टाकलं आणि आत शिरून बसले. चाळिशीला आलेली बाई, कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. आत पिवळट उजेड होता. जुन्या धुराचा वास, ओल्या गोणपाटाचा वास, आणि कुणाच्या तरी तेलाचा, डोक्याच्या तेलाचा. कोण निजलं असेल हिच्यात? त्याला रात्री काय ऐकू आलं असेल? बाहेर गल्लीतून टांगा गेला, स्टेशनात इंजिनाने वाफ सोडली, पण ते सगळं दुसऱ्याच्या गावात चालल्यासारखं वाटलं. मला इतकं बरं वाटलं की मला माझाच राग आला. मला जायचं होतं. आता लाजून काय उपयोग, मला जिवाच्या आकांताने जायचं होतं. आणि एकटीला नाही, आबांना घेऊन जायचं होतं.

कारण तो डोंगर आमच्या दोघांचा होता. प्रकाशाला आमचं शेत, तापीच्या पलीकडच्या, म्हणजे उत्तरेच्या काठाला. बांधावर उभं राहिलं की समोर सातपुडा. सकाळी निळा, दुपारी नाहीसा, संध्याकाळी पुन्हा हजर. मी परकरी पोर, आबांच्या मागे मागे. "आबा, त्या डोंगरमा काय शे?" आबा म्हणायचे, "डोंगरमा डोंगर शे." "तठे वर मोठं तयं शे म्हणतस." "येडी का काय तू? डोंगरवर पानी टिकस का? वाही जास." बस्स. वर तळं नाही, विषय संपला. माझे वडील हिंमतराव पाटील तोवर कधी तापी ओलांडून दोन गावं पलीकडे गेले असतील तर शपथ, डोंगराकडे तर पाऊलही टाकलं नव्हतं, पण त्यांना सगळं ठाऊक असायचं. मला ते खरंच वाटायचं. जोंधळ्याच्या कापणीला डोंगरातून माणसं उतरायची, त्यात फुलसिंग आणि त्याची बायको मोतीबाई दरसाल आमच्याकडे. मोतीबाईला आमची अहिराणी जेमतेम यायची. मी तिच्या मागे लागून तिला विचारलं, तुमच्याकडे ढग कुठं असतात? ती विळा थांबवून म्हणाली, "ढग घरमा येस. बठस. मंग जास." आणि खदखदा हसली. "तू ये ना देखाले." कितीतरी रात्री मी विचार करीत पडायचे: ढग घरात येतो तर दारातून येतो की छपरातून? तो बसतो म्हणजे कुठं बसतो? चुलीजवळ? त्याला हात लागतो का? आबांना हे विचारायची सोय नव्हती. ते म्हणाले असते, "ढग वर ऱ्हास." लग्न झालं, नंदुरबारला आले, रेल्वे आली, घड्याळ आलं, पण तो ढग माझ्या डोक्यातून काही गेला नाही.

आणि आबांचं ते ठाऊक असणं साधं नव्हतं, अख्ख्या गावाची पेरणी त्यावर चालायची. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. ती घागर मातीच्या चार गोळ्यांवर ठेवायची. एक गोळा ज्येष्ठाचा, एक आषाढाचा, एक श्रावणाचा, एक भाद्रपदाचा. रात्रभर घागर पाझरते. सकाळी घागर उचलून बघायचं, कुठला गोळा किती भिजला, त्या महिन्यात तितका पाऊस. घरोघर ठेवतात, पण लोक बघायला यायचे ते आबांच्या घरी. आबा उकिडवे बसायचे, एकेक गोळा अंगठ्याने दाबायचे, फोडायचे, आतली ओल बघायचे, आणि मग बोलायचे. तेवढ्यात कुणी खोकलासुद्धा नाही. मी दाराआडून बघायचे. माझी छाती अशी फुगायची, जसं काही पाऊस आमच्या घरूनच सुटतो. ह्या साली भाद्रपदाचा गोळा ठणठणीत कोरडा निघाला. आबांनी सांगितलं, मूग कापून खळ्यात टाका, घाई नको, झाकायचीही गरज नाही. गावाने टाकला. आणि भाद्रपदात चार दिवस चार रात्री असा कोसळला की तापीने घाटाच्या पायऱ्या गिळल्या. खळ्याखळ्यातल्या मुगाला मोड आले. कुणी आबांना बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आमचे शेजारी नथ्थूभाऊ तेवढे वाटीभर मोड आलेले मूग घेऊन आले आणि हसत म्हणाले, "आबा, मोड उनात बरं का. आयती उसय व्हई गई." मोड आले, आयती उसळ झाली म्हणे. बिचाऱ्याचं स्वतःचं खळं गेलं होतं, रडायच्या ऐवजी हसला, एवढंच. आईने ती वाटी झाकून कोपऱ्यात ठेवली, ती तशीच आंबली. आणि मुलीच्या गावचं पाणीही न पिणारे माझे आबा, माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्या ओसरीवरून परत फिरणारे, स्वतःहून एक पिशवी घेऊन आमच्याकडे राहायला आले. "हवापालट," म्हणाले. मी काही विचारलं नाही. मूग गिळून गप्प बसणं म्हणतात ते आमच्या घरात खरोखरीचं चाललं होतं.

त्या चहानंतर मी त्यांच्या मागे लागलेच. सरळ विचारायची हिंमत नव्हती म्हणून आडून आडून. अंगणात धुणं वाळत घालताना म्हटलं, "आबा, वारा कोठला शे हो आज?" गप्प. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढत होत्या, त्या दाखवल्या. बघितल्या न बघितल्यासारखं केलं. एरवी मुंगीची अंडी दिसली की हा माणूस तासभर बोलला असता. मी चिडले. चिडले म्हणजे काय, घाबरले. बापाच्या तोंडचा शब्द गेला म्हणजे काय होतं हे मला कधी कळलंच नव्हतं. जेवताना ते भाकरी मोडत होते आणि मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. तोच अंगठा. तो आता भाकरीवरही हळू पडत होता. माझ्या मनात आलं, हे असेच राहिले तर? प्रकाशाला परत गेलेच नाहीत तर? आमच्या ह्या अंगणात, पिशवी उशाशी घेऊन, न बोलता म्हातारे होत गेले तर? तोरणमाळ राहिलं बाजूला, मला माझा बाप परत पाहिजे होता, सगळं ठाऊक असलेला, येडी का काय म्हणून माझ्यावर डाफरणारा.

म्हणून मी ते केलं. वेडेपणाच. तुळशीच्या कुंडीतली माती घेतली, पाण्याने मळली, मुठीएवढा एक गोळा केला आणि अंगणातल्या पिण्याच्या माठाखाली, घडवंचीवर, सरकवून दिला. अखाजी नाही, घागर नाही, पितर नाहीत. हात धुताना मला हसू आलं आणि लाजही वाटली, आईने पाहिलं असतं तर पाठीत धपाटा घातला असता. सकाळी आबा चूळ भरायला गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ते वाकले. थांबले. मग मोठ्याने, कितीतरी दिवसांनी मोठ्याने, "सिंधू! हाई काय शे?"

"गोया शे," मी बाहेर येऊन म्हटलं.

"कोना?"

"आश्विनना."

"तुले कोनी सांगं हाई? अखाजीले ठेवतस ते. आते ठेईसन काय व्हस?" आवाज चढला. अगदी पहिल्यासारखा चढला, आणि मला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"मंग मी काय करू?" मीही आवाज चढवला. "तुम्ही तर तोंडच उघडतस नही! आभाय देखतस नही, वारा देखतस नही. मंग माले कोन सांगी?"

आबा धोतर आवरून घडवंचीपाशी उकिडवे बसले, माठ एका हाताने कलता केला आणि गोळा काढला. "आश्विनना गोया आपीन कधी नही ठेया," ते गोळ्याकडे बघत म्हणाले. "काब्र?" मी विचारलं. लहानपणी विचारायचे तसं. आणि आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ह्या प्रश्नाशी त्यांची कधी भेटच झाली नव्हती. "मन्हा बाप चारच ठेवे. मी बी चारच ठेवू." "इचारं नही तुम्हीन त्याले?" "नही इचारं." मग माझ्याशी नाही, स्वतःशीच, "तवय कपाशी इतली कोठे व्हती. भाद्रपद सरना का पानीनं काय काम? पन आते तर कपाशी आश्विनमाच फुटस." आमच्या बापलेकीच्या मधे तो ओला लोंदा होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. मला वाटलं, एक अख्खा महिना कुणी न विचारलेला असा कसा राहून गेला? आबांनी अंगठा रुतवला. एकीकडे चिखल, एकीकडे कोरडा. माठ कलता बसला होता, दुसरं काय. "अर्धा वल्ला, अर्धा कोरडा," आबा म्हणाले. "आते यानं काय सांगानं?" आणि ते हसले. ओठांत नाही, चांगले खांदे हलवून हसले. त्यांच्या बोटाला माती होती, ती त्यांनी धुतली नाही, दिवसभर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आभाळ कुठं फाटलेलं, कुठं भरलेलं. मी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, स्टोव्ह, सगळं बांधून ठेवलं होतं, निघालो नाही तर खाऊन टाकू म्हणून. हे आत-बाहेर करीत होते. बाहेर आले आणि बघतात तो आबा मोटारीत मागच्या बाजूला, राहुटीच्या गाठोड्याला टेकून, घोंगडी मांडीवर आणि काठी दोन पायांत धरून बसलेले. कुणी बोलावलं नव्हतं. ह्यांचा चेहरा असा फुलला! "मामा बसले! म्हणजे उघडणार. काढा हो सामान." मला ठाऊक होतं की तसं काही नाही. पण मी कशाला बोलू? मी पदर खोचला आणि बसले. रस्त्याने आबा एका बाजूला बघत होते, मी दुसऱ्या. शेतांत कपाशीची बोंडं तडकत होती, इथं एक, तिथं एक. मोटारीचा टप फडफडत होता. आबांनी मला हळूच विचारलं, "ती मोतीबाई शे का अजून?" मी म्हटलं, "काय माहीत." मोतीबाईची त्यांना आठवण आहे हेच मला नवीन होतं.

तापीवर पूल नाही. दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकतात आणि मोटार त्यांच्यावर चढवतात. नावाडी ओरडत होते, ह्यांचे हात घामाने निसटत होते, आणि मी देवाचं नाव घेत होते. मधोमध आलो आणि समोर पाहिलं तर डोंगर नाही. जिथं लहानपणापासून डोंगर होता तिथं राखाडी भिंत. ती आमच्याकडेच येत होती. पहिला थेंब मोटारीच्या पत्र्यावर वाजला तेव्हा ह्यांनी आबांकडे पाहिलं, नावाड्यांनी पाहिलं, मी मात्र पाहिलं नाही. पैलतीराला प्रकाशाचा घाट होता, आणि घाटावर माणसं. मोटार बघायला आली होती खरी, पण आत कोण आहे ते दिसल्यावर त्यांचं मोटारीवरून लक्ष उडालं. आबा पिशवी घेऊन निघून गेले त्यानंतर गावाने त्यांना आज पाहिलं होतं. मला कसं सुचलं नाही? मी डोंगराचा विचार केला, ढगाचा केला, आणि वाटेत आमचंच गाव आहे हे विसरले. मी आबांना त्याच चव्हाट्यावर आणून उभं केलं होतं.

मोटार फळ्यांवरून उतरली. नथ्थूभाऊ सगळ्यांत पुढे. जवळ आले, आबांच्या पायाला हात लावला. "आबा, बरं व्हयनं उनात," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. "कपाशी फुटी ऱ्हायनी. येचू का थांबू? सांगा ना. पानी येई का?" मागची माणसं गप्प झाली. अखाजीच्या सकाळी व्हायची तशी, तितकीच गप्प. आबांनी मान वर केली. त्यांच्याबरोबर अख्ख्या घाटाने मान वर केली, सवयीने. आभाळात काळं होतं, त्याच्या कडेला उजेडही होता. मी मनात म्हणत होते, बोला हो आबा, काहीही बोला, चुकलं तरी चालेल.

"माले नही माहीत," आबा म्हणाले.

नथ्थूभाऊ हसायला गेले आणि थांबले. "थट्टा करतस का आबा?"

"थट्टा नही. माहीत नही. भाद्रपदनं बी माहीत नव्हतं. सांगी दिनं, इतलंच."

इतकं साधं सांगितलं त्यांनी ते, की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. थेंब पडत होते, मोठे, सुटे. नथ्थूभाऊंचा चेहरा पोरासारखा झाला होता. "मंग आमीन कोले इचारूत?" ते म्हणाले.

आबांनी काठीने उत्तरेकडे दाखवलं, जिथं डोंगर दिसत नव्हता तिकडे. "ढग तठेतीनच येतस ना? मी तठेच जाई ऱ्हायनू. वर तयं शे म्हनतस, ते बी शे का नही देखनं शे. देखीसन येसू, मंग सांगसू." मग नथ्थूभाऊंकडे वळून, "येताना तुन्हाकडे जेवसू. उसय कर. मुगनी." आणि ह्यांच्या खांद्यावर काठीचं टोक टेकवून म्हणाले, "चाला, वकीलसाहेब. बठा काब्र?"

"पण मामा, पाऊस..." हे म्हणाले.

"माले काय इचारतस?" आबा त्यांच्यावर डाफरले. "चाला, देखूत."